पाया खणण्याआधी जमिनीला विचारा!

लंडनमध्ये थेम्सच्या काठावरची एक जुनी इमारत पाडली आणि तिच्या पोटातून निघालं चारशे वर्षांपूर्वीचं नाट्यगृह! मग जे रामायण घडलं, त्यातून एक साधा नियम जन्माला आला. नदीकाठच्या आपल्या जुन्या शहरांनीही तो समजून घ्यायला हवा.

१४ मे १९८९, रविवारची रात्र. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, सदर्क ब्रिजजवळच्या एका बांधकामाच्या जागेभोवती माणसं जमली होती. रात्र चढत गेली, तरी कुणी घरी जायचं नाव घेईना. एरवी ज्यांना पाहायला तिकीट काढावं लागतं, असे नट-नट्याही त्या गर्दीत होते. इयन मॅकेलनसारखा मोठा नट लोकांना धीर देत होता. पुराणवस्तू संशोधकांना दिलेली मुदत त्या रात्री संपत होती. सकाळ उजाडली की ट्रक येणार आणि ऑफिसच्या नव्या इमारतीचं काम सुरू होणार... ट्रक अडवायचे, एवढंच या माणसांनी ठरवलं होतं.

असं होतं तरी काय त्या खड्ड्यात? सोनंनाणं नव्हतं, राजाची कबरही नव्हती. दिसायला होत्या पायाच्या काही ओळी, चुन्याने केलेली उतरती जमीन आणि काही जुनी लाकडं. पण त्याच जमिनीवर उभं राहून लोकांनी विल्यम शेक्सपिअरची सुरुवातीची नाटकं पाहिली होती. ते होतं ‘रोज’ नाट्यगृह. रोज म्हणजे गुलाब!

गुलाबाची गल्ली

‘रोज’ बांधलं गेलं १५८७ साली. बांधणारा फिलिप हेन्स्लो हा काही कलावंत नव्हता. कापड रंगवण्याच्या धंद्यापासून गहाणवटीपर्यंत अनेक उद्योग करणारा हा पक्का व्यापारी. लंडनच्या नगरपित्यांना नाटकवाले शहराच्या हद्दीत नको असत. म्हणून नाटकवाले नदी ओलांडून पलीकडे गेले. अस्वलांच्या झुंजी आणि दारूचे गुत्ते यांच्या शेजारी नाट्यगृहं उभी राहिली. दलदलीची जमीन, बाजूने वाहणारे चर आणि मध्ये हा लाकडी, गोलसर मांडव...

हेन्स्लोला एक चांगली सवय होती. तो हिशेब लिहून ठेवी. कुठल्या दिवशी कुठलं नाटक झालं, गल्ला किती आला, वेशभूषेला किती खर्च झाला, कुठल्या नटाने उचल घेतली, सगळं वहीत! ती वही आजही लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये जपून ठेवलेली आहे. १५९२ साली त्याने नाट्यगृह वाढवून घेतलं, तो खर्चही त्यात आहे. ख्रिस्तोफर मार्लोची गाजलेली नाटकं ‘रोज’मध्ये झाली, शेक्सपिअरचं ‘टायटस अँड्रॉनिकस’ही झालं. पुढे १५९९ मध्ये जवळच ‘ग्लोब’ उभं राहिलं आणि ‘रोज’चा गल्ला आटला. १६०५ मध्ये जागेचा भाडेपट्टा संपला आणि वर्षभरात नाट्यगृहही गेलं.

म्हणजे गेलं असं लोकांना वाटलं. पण जागेचा पत्ता पुसला गेला नव्हता. शेजारच्या बोळाचं नाव शतकानुशतकं ‘रोज ॲली’, म्हणजे गुलाबाची गल्ली असंच राहिलं. करारनाम्यात जमिनीची मापं होती, जुन्या नकाशांत गोल मांडवाचं चित्र होतं. ‘रोज’ साधारण कुठे असावं, हे अभ्यासकांना ठाऊक होतं. तरीही १९५७ च्या सुमारास त्याच जागेवर ऑफिसांची इमारत उभी राहिली. तिचे काँक्रीटचे पाइल जुन्या नाट्यगृहाच्या अवशेषांतून आरपार खाली गेले. खाली काय आहे, हे कुणी पाहिलंही नाही.

कायदा कुणीच मोडला नव्हता

१९८० च्या दशकात लंडनमध्ये जमिनीचे भाव भडकले. तीस वर्षांची ती इमारत पाडून तिथे नवी, मोठी इमारत बांधायचं ठरलं. प्लॅन मंजूर झाले. लंडन म्युझियमच्या संशोधकांना उत्खननासाठी बिल्डरने साधारण दोन महिने देऊ केले. डिसेंबर १९८८ मध्ये काम सुरू झालं आणि नवं वर्ष लागल्यावर काही आठवड्यांतच मातीतून नाट्यगृहाच्या भिंतींची रेघ वर आली.

मग मात्र खळबळ उडाली! एलिझाबेथ राणीच्या काळातलं नाट्यगृह आतून कसं होतं, हे तोपर्यंत लोक एखाद्या जुन्या रेखाचित्रावरून आणि कागदपत्रांवरून ताडत होते. आता प्रत्यक्ष जमीनच समोर आली. नाट्यगृह पूर्ण गोल नव्हतं, चौदाएक बाजूंचं वेडंवाकडं बहुकोनी होतं. व्यास जेमतेम २२ मीटर. प्रेक्षक उभे राहायचे ते अंगण रंगमंचाच्या दिशेने उतरतं होतं, म्हणजे मागच्यालाही दिसावं! छपराच्या वळचणीतून पडणाऱ्या पाण्याने जमिनीत पाडलेली चरी तशीच होती. आणि १५९२ साली भिंत कुठून कुठे सरकवली, तेही दिसत होतं. हेन्स्लोच्या वहीतल्या खर्चाच्या नोंदीला चारशे वर्षांनी मातीने साक्ष दिली.

जमिनीत हेझलनटची टरफलं खच्चून भरलेली सापडली. नाटक बघताबघता लोक ते फोडून खात असतील आणि टरफलं तिथेच टाकत असतील, असं आधी वाटलं. आपल्याकडच्या तमाशाच्या तंबूतल्या शेंगांच्या फोलपटांसारखं! नंतर अभ्यासकांनी दुसरा उलगडा मांडला. जमीन घट्ट बसावी म्हणून जवळच्या साबणाच्या कारखान्यातली राख आणि टरफलं मुद्दाम त्यात मिसळलेली असावीत. मातीची साक्ष अशी धीराने ऐकावी लागते. घाईघाईत खोदलं असतं, तर हा दुसरा उलगडा झालाच नसता.

मुदत वाढवत वाढवत १४ मेपर्यंत आली होती. वृद्ध नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी ‘रोज’ वाचवण्यासाठी आवाज मुद्रित करून संदेश पाठवला. पुढच्या दोनच महिन्यांत ते वारले. डेम पेगी ॲशक्रॉफ्ट, जुडी डेंच, त्या वेळी लंडनच्या रंगभूमीवर काम करणारा डस्टिन हॉफमन, सगळे या बाजूने उभे राहिले. शेवटी सरकार मध्ये पडलं. काम महिनाभर थांबावं म्हणून भरपाईपोटी दहा लाख पौंडांपर्यंत रक्कम देण्याची तयारी सरकारने दाखवली.

पण ‘रोज’ला संरक्षित स्मारकाचा दर्जा द्यायला पर्यावरणमंत्री निकोलस रिडले यांनी नकार दिला. ‘रोज’साठी लढणाऱ्या न्यासाने कोर्टात धाव घेतली. तिथे निकाल लागला तो असा, की मंत्र्यांचा निर्णय कायद्याला धरून आहेच, शिवाय या न्यासाला दाद मागण्याचा अधिकारच पोचत नाही!

या प्रकरणात खलनायक शोधायला गेलं, तर कुणी सापडत नाही. बिल्डरकडे रीतसर परवानगी होती आणि कायद्याने बंधन नसतानाही त्याने उत्खननाला वेळ दिला होता. संशोधकांनी हाताला मिळाले तेवढे दिवस जिवापाड काम केलं. नटमंडळींचं प्रेम खरं होतं. कायदा कुणीच मोडला नव्हता. तरीही बिल्डरचे पैसे अडकले, सरकारच्या तिजोरीला चाट बसायची वेळ आली आणि वारसा जेमतेम वाचला. कारण एकच... जो प्रश्न प्लॅन काढण्याआधी विचारायचा, तो जुनी इमारत पाडल्यावर विचारला गेला.

शेवटी इमारतीचा आराखडा नव्याने काढण्यात आला. पाइल नाट्यगृहाच्या बाहेरच्या बाजूला सरकवले. अवशेषांवर वाळू पसरली, वर काँक्रीटचं पातळ आवरण घातलं आणि त्यावर पाणी ठेवलं. लाकूड आणि माती वाळून तडकू नये, म्हणून ही ओल. त्यांच्यावर ऑफिसची इमारत उभी राहिली.

आधी पाहणी, मग परवानगी

‘रोज’ एकटंच नव्हतं. त्याच वर्षी लंडनमध्ये हगिन हिल इथल्या रोमन स्नानगृहांच्या अवशेषांवरून असाच वाद पेटला. ऑक्टोबर १९८९ मध्ये ‘रोज’पासून हाकेच्या अंतरावर ‘ग्लोब’च्या पायाचा छोटा तुकडाही सापडला. दर वेळी असं रस्त्यावर उतरणं कुणाला परवडणार?

नोव्हेंबर १९९० मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या नियोजन अधिकाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. ‘पीपीजी सोळा’ या नावाने ती ओळखली जाते. पुस्तिका लहान, पण तिने कामाचा क्रमच उलटा केला. आतापर्यंत आधी परवानगी, मग खोदाई, मग काही सापडलं तर धावाधाव असं चाले. आता जमिनीखाली महत्त्वाचं काही असण्याची शक्यता असेल, तर परवानगीचा निर्णय होण्याआधीच अर्जदाराने त्याची पाहणी करून अहवाल द्यायचा. अवशेष राष्ट्रीय महत्त्वाचे असतील, तर ते शक्यतो जागच्या जागी राखायचे. तसं राखणं जमणार नसेल, तर इमारतीचं काम सुरू होण्याआधी नीट उत्खनन करून नोंदी ठेवायच्या आणि त्याची तजवीज बिल्डरने करायची. २०१० मध्ये या पुस्तिकेची जागा नव्या नियमांनी घेतली, २०१२ मध्ये राष्ट्रीय नियोजन धोरण आलं. पण आधी पाहणी, मग परवानगी हा गाभा टिकून राहिला.

यात बिल्डरचंही हित आहे. जागा विकत घेण्याआधीच खाली काय आहे याचा अंदाज आला, तर त्याला भाव पाडून मागता येतो. तळघराची खोली कमी करता येते. नकाशावरचा खांब खोडरबराने सरकवता येतो. तोच खांब ठेका दिल्यावर सरकवायचा, तर लाखो पौंड मोजावे लागतात.

न खोदता पोटातलं ओळखायचं कसं?

डॉक्टर पोट फाडण्याआधी हकिगत विचारतो, जुने कागद पाहतो, मग तपासण्या सांगतो. जमिनीच्या पाहणीचंही अगदी तसंच असतं.

पहिली पायरी कागदांची. जागेचे मिळतील तेवढे जुने नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे. इथे कधी धक्का होता का, घाट होता का, देऊळ, स्मशान, बाजार, कारखाना? गल्लीबोळांची नावं काय सांगतात? आसपास पूर्वी कुणाला काय सापडलं? इंग्लंडमध्ये अशा नोंदी भागवार एकत्र ठेवलेल्या असतात. लंडन शहराच्या बाबतीत तर हा विचार ‘रोज’च्याही आधी झाला होता. मार्टिन बिडल आणि डॅफ्नी हडसन यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने १९७३ मध्ये ‘द फ्युचर ऑफ लंडन्स पास्ट’ नावाचा अहवाल काढला. जुने थर कुठे शिल्लक आहेत, तळघरांनी ते कुठे खाऊन टाकले आहेत आणि नव्या बांधकामांमुळे पुढचा नंबर कुणाचा, हे त्यात नकाशांवर नकाशे ठेवून दाखवलं होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये शहरी पुरातत्त्वाचा वेगळा विभाग सुरू झाला.

दुसरी पायरी आहे नुकसानीच्या हिशेबाची. जमीन कधीकाळी महत्त्वाची होती, एवढ्याने भागत नाही. तिच्यात आज काय उरलंय? जुन्या इमारतीचं तळघर किती खोल आहे? पाइल किती आणि कुठे आहेत? गटारं, पाण्याचे पाइप कुठून गेलेत? पाया किती घट्ट आहे हे पाहायला इंजिनिअर बोअर घेतातच. त्या बोअरमधून आलेली माती संशोधकाला दाखवली, तर काम सोपं होतं. वरचे चार मीटर विटांचा चुरा आणि भराव, त्याखाली काळा गाळ, गाळात कोळसा आणि खापराचे कपचे... त्याच्या दृष्टीने हे वाचायचं पुस्तकच असतं.

तिसरी पायरी चाचणीच्या चरांची. मोक्याच्या चार-पाच जागी अरुंद चर घ्यायचे. थर किती खोलीवर लागतात, किती जुने आहेत आणि किती चांगल्या अवस्थेत आहेत, एवढंच पाहायचं आणि थांबायचं.

शेवटी अहवाल. त्यात चार प्रश्नांची उत्तरं हवीत. इथे काय असण्याची शक्यता आहे? ते किती महत्त्वाचं आहे? त्यातलं किती शिल्लक आहे? आणि होऊ घातलेल्या इमारतीने त्याला कितपत धक्का लागेल? अनेकदा उत्तर येतं की जुन्या तळघराने सगळं आधीच नेलंय, खुशाल बांधा. तेही मोलाचं असतं. ‘काही नाही’ हे खात्रीने कळलं, तर बिल्डर आणि रहिवासी दोघंही निर्धास्त होतात.

नदीकाठची गोष्टच वेगळी

हे सगळं कुठल्याही जागेला लागू आहे. मग नदीकाठाला एवढं महत्त्व का?

एक तर शहरं नदीकाठीच वसतात. पहिली वस्ती, पहिला बाजार, पहिला उतार तिथेच. दुसरं म्हणजे नदीचा काठ जागचा हलत असतो. लंडनमध्ये रोमन लोकांच्या वेळी थेम्सचा उत्तरेकडचा काठ आजच्यापेक्षा सुमारे शंभर मीटर आत होता. पुढच्या पिढ्यांनी नदीत लाकडी बांध घातले, मागे कचरा आणि माती टाकून जमीन केली. काही वर्षांनी त्यापुढे पुन्हा बांध. असे बांधामागे बांध आज रस्त्यांखाली गाडलेले आहेत. भरावासाठी टाकलेला त्या काळचा कचरा म्हणजे संशोधकांचा खजिना!

तिसरं कारण पाण्याचं. कोरड्या जमिनीत लाकूड, चामडं, कापड कुजून जातं. ओल्या, घट्ट गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीची चप्पलही बोटं उमटलेल्या अवस्थेत हाती लागू शकते. लाकडाच्या तुळईतली वर्षवलयं मोजून, साल शिल्लक असेल तर ते झाड कुठल्या वर्षी तोडलं तेसुद्धा सांगता येतं.

पण हेच पाणी काळजीचंही आहे. शेजारच्या प्लॉटवर खोल तळघर घेताना पंप लावून पाणी उपसलं, की आपल्या प्लॉटखालची ओलही ओसरते. दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड मग वाळून तडकतं, त्याचा भुगा होतो. म्हणून नदीकाठच्या पाहणीत फक्त खड्डा किती खोल, एवढं पाहून चालत नाही. बांधकामानंतर भूजल कुठल्या पातळीवर राहील, हेही पाहावं लागतं.

एकच जागा, दोन खोदकामं

आधी पाहणी केल्याने नेमकं काय मिळतं? लंडनमधल्या एकाच जागेवर पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने झालेली दोन कामं पाहिली, की उत्तर मिळतं.

वॉलब्रुक हा थेम्सला मिळणारा जुना ओढा. तो आता शहराच्या पोटात गाडला गेलाय. त्याच्या काठावर १९५४ मध्ये ऑफिसच्या मोठ्या इमारतीसाठी खोदाई चालू असताना डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना एक रोमन देऊळ सापडलं. काम गुंडाळायची वेळ आली असताना, १८ सप्टेंबरला तिथून देवाचं संगमरवरी मस्तक निघालं. मिथ्र हा तो देव, ज्याचं नाव आपल्या वेदांतल्या मित्राशी नातं सांगतं! बातमी फुटली आणि लोटच्या लोट लोक आले. देऊळ पाहायला लागलेल्या रांगांतून दोनेक आठवड्यांत चार लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली. ब्रिटनच्या मंत्रिमंडळातही विषय निघाला. शेवटी देवळाचे दगड उचलून १९६२ मध्ये थोड्या अंतरावर, रस्त्याच्या पातळीवर चौथरा करून मांडण्यात आले. ती मांडणी मूळ देवळाशी फारशी जुळत नव्हती.

पुढे ती १९५० च्या दशकातली इमारतही पाडायची ठरली आणि ब्लूमबर्ग कंपनीचं मुख्यालय तिथे यायचं होतं. या वेळी उत्खनन कामाच्या आखणीतच धरलेलं होतं. २०१० ते २०१४ या काळात लंडन म्युझियमच्या पुरातत्त्व पथकाने तिथे खोदकाम केलं. जुन्या तळघराने बरंच नेलं होतं, पण वॉलब्रुकच्या ओल्या गाळात बरंच उरलंही होतं. चौदा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. त्यांत होत्या मेण लावून लिहायच्या लाकडी पाट्या, थोड्याथोडक्या नाहीत, चारशेपाच! मेण केव्हाच गेलं होतं, पण लेखणीचे ओरखडे लाकडावर राहिले होते. त्यांतल्या ऐंशीहून अधिक पाट्यांवरचा मजकूर वाचता आला.

एका पाटीवर तारीख आहे ८ जानेवारी, इसवी सन ५७. गुलामीतून सुटलेला टिबुलस नावाचा माणूस त्यात कबुली देतो, की घेतलेल्या मालाचे १०५ दिनार मी ग्रेटसला देणं लागतो. म्हणजे लंडनचा तारीख असलेला सर्वांत जुना हस्तलिखित कागद कुठला, तर उधारीची चिठ्ठी! दुसऱ्या एका पाटीवर लंडनच्या नावाचा सर्वांत जुना उल्लेख मिळाला. शहराचं बारसं तिथे वाचायला मिळालं म्हणा ना. मिथ्राचं देऊळही मूळ जागेजवळ, जमिनीखाली सात मीटरवर पुन्हा मांडलं आणि नोव्हेंबर २०१७ पासून लोकांना पाहायला खुलं झालं.

अर्थात या पद्धतीतही उणिवा आहेत. चाचणीचा चर जिथे घेतला, त्याच्या हातभर पलीकडे ठेवा असू शकतो. पाहणीचा खर्च बिल्डर करतो, त्यामुळे स्वस्तात आणि लवकर उरकण्याचं दडपण येतं. हजारो अहवाल कपाटांत पडून राहतात, लोकांपर्यंत पोचत नाहीत. पण ट्रकसमोर रात्र काढण्यापेक्षा हे बरं, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलंय.

गोदाकाठ, पंचगंगाकाठ, मुठाकाठ

आपल्याकडे पुनर्विकास हा शब्द आता घराघरांत पोचलाय. सोसायटीच्या सभेत चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, पार्किंगची, भाड्याच्या चेकची. जमिनीखाली काय आहे, हा विषय कुणाच्या अजेंड्यावर नसतो. पण महाराष्ट्रातली किती शहरं नदीकाठी वसलीत, ते आठवून पाहा.

नाशिकला गोदावरीच्या काठावर मातीची गढी आहे. वर घरं आणि खाली शतकांचे थर. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा नाशिकची वस्ती सातवाहनांच्याही मागे जाते, हे पुढे आलं. तीच गढी पावसाळ्यात ढासळते, तेव्हा माणसांच्या जिवाबरोबर इतिहासही पाण्यात जात असतो. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं. तिथून रोमन घडणीची, समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती निघाली. कुठे पंचगंगा आणि कुठे रोम!

आणि पुण्याचं उदाहरण तर थेट या विषयाचंच. मुठेकाठच्या कसबा पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहत होत्या. २००४ ते २००६ या काळात पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी अशा खड्ड्यांमधले थर तपासले, हाती लागेल तो पुरावा गोळा केला. पेशव्यांचं, फार तर शिवकाळातलं वाटणारं पुणं त्या थरांतून सातवाहन काळापर्यंत मागे गेलं. हे काम मोलाचं. पण ते होतं बचावाचं. पाया खणायला सुरुवात झाल्यानंतर, यंत्राच्या पुढे पळत केलेलं.

आपला कायदा दिसणाऱ्या वास्तूंना जपतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीची अट, हे २०१० च्या दुरुस्तीने घालून दिलं. पण ज्या जमिनीवर स्मारक दिसतच नाही, जिथे सगळं पोटात आहे, त्या जागेला हे कवच मिळत नाही. कसबा पेठेतल्या वाड्याच्या तळाशी दडलेल्या सातवाहनकालीन खापराला मीटर मोजायला खूणच नाही!

सामान्य माणसाच्या हातात काय आहे? थोडंफार आहे. जुन्या गावठाणातली, नदीकाठची इमारत पाडायची असेल, तर सभेत एक प्रश्न विचारता येतो, की पाया खणण्याआधी कुणा जाणकाराला ही जागा दाखवायची का? बोअर घेतले जाणारच आहेत, त्या मातीचे नमुने फेकण्याआधी जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवता येतं. घरातल्या जुन्या कागदांत, खरेदीखतांत, वाड्याच्या नकाशांत विहीर, भुयार, बुजवलेला घाट यांचे उल्लेख असतात. ते वाचून ठेवता येतात. आणि जमिनीतून नाणी, दागिने असा ठेवा निघाला, तर तो वाटून घेण्याचा नसतो. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवला तर शिक्षा आहे. कळवला, तर मात्र सापडणाऱ्याचा हक्क कायदा विचारात घेतो. तरीही ‘काम बंद पडेल’ या धास्तीने अनेक जण गप्प बसतात. आधी पाहणी झालेली असेल, तर ही धास्तीच राहत नाही.

पाण्याखालचा गुलाब

‘रोज’ला १९९२ मध्ये अखेर संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. इमारत उभी राहून गेल्यानंतर! १९९९ मध्ये लोकांना तिथे प्रवेश सुरू झाला. ऑफिसच्या पोटातली ती अंधारी, गार जागा. मध्ये काळं पाणी आणि पाण्याच्या वर लाल दिव्यांच्या माळांनी आखलेली नाट्यगृहाची रेघ... रंगमंच इथे होता, प्रेक्षक तिथे उभे राहत. एवढंच दिसतं. खरा गुलाब वाळूखाली, ओलीत झोपलाय.

१९८९ मध्ये नाट्यगृहाचा दोनतृतीयांश भागच मोकळा झाला होता. उरलेला तिसरा हिस्सा तसाच राहिला. नाटकवाले बाहेर पडायचे ती वाट तिकडे असेल, पडलेलं एखादं नाणं असेल, कुणाची अंगठी असेल. की काहीच नसेल? ते सांगायला पुन्हा कधीतरी जमीन उघडावी लागेल. त्या दिवशी निदान मागे ट्रक उभे नसतील, एवढी सोय एका रात्रीच्या जागरणाने करून ठेवली आहे.